रिव्हरने मारलं की कॉलने?

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच सूर आहे: डाव हरलो, पण चूक माझी होती का? पत्रांतले सगळे डाव घरगुती टूर्नामेंटमधले, 'होल्डम' पोकरचे आहेत. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). या सातांतून सगळ्यात जबर पाच ज्याची, मध्ये साठलेल्या चिप्स, म्हणजे पॉट, त्याचा. दर डावाला दोघांना आळीपाळीने सक्तीने टाकाव्या लागणाऱ्या चिप्स म्हणजे ब्लाइंड, छोटा स्मॉल आणि मोठा बिग. रेझ म्हणजे बोली वाढवणं, कॉल म्हणजे समोरच्याएवढं टाकणं, पॅक म्हणजे डाव सोडणं, ऑल-इन म्हणजे जवळचं सगळं टाकणं. सगळ्यांना सारख्या चिप्स, चिप्स संपल्या की माणूस बाद, आणि शेवटच्या काही जणांना बक्षीस. उत्तरं देताना आम्ही एक पथ्य पाळलं आहे. चिप्स मध्ये सरकवल्या त्या क्षणी खेळणाऱ्याला जे ठाऊक होतं, तेवढ्यावरच निवाडा केला. शेवटचं पान काय उलटलं, ते त्यानंतर वाचलं.

प्रश्न : ब्लाइंड २००-४००. माझ्याकडे बदाम एक्का आणि बदाम नव्वी. फ्लॉपला इस्पिक राजा, बदाम अठ्ठी, बदाम चौकी. टर्नला किलवर दुर्री. पॉट ३,६०० चा होता, समोरच्याने उरलेले १,८०० टाकून ऑल-इन केलं. फ्लशची (एकाच रंगाची पाच पानं) शक्यता ३५ टक्के असते म्हणून मी कॉल केला. त्याने चौकट राजा आणि किलवर गुलाम दाखवले. रिव्हरला चौकट पंजी आली नि गेलं सगळं. माझ्याकडे अजून ७,००० होते, पण टेबलावरचे म्हणाले, "काय बे, एका पत्त्यासाठी एवढं?" चुकलं का माझं? (वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : कॉल बरोबर होता, हिशोब चुकीचा होता. त्यामुळे पुढच्या वेळी हाच हिशोब तुम्हाला बुडवू शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

३५ टक्के हा आकडा फ्लॉपनंतरचा आहे, म्हणजे टर्न आणि रिव्हर अशी दोन पानं यायची असतात तेव्हाचा. तुम्ही टर्नला उभे होता, एकच पान बाकी होतं. न दिसलेली पानं ४६, त्यांत बदाम ९. म्हणजे ९ भागिले ४६, साधारण १९.६ टक्के. ३५ आणि १९.६ यांतली गल्लत घरगुती टेबलावर सगळ्यात जास्त चिप्स खाते.

आता कॉलची किंमत. १,८०० द्यायचे. पॉटमधले ३,६०० आणि त्याचे १,८०० मिळून ५,४०० समोर आहेत. तुमचे १,८०० धरून एकूण ७,२००. १,८०० भागिले ७,२००, म्हणजे २५ टक्के. चारात एकदा जिंकलात तर बरोबरी. नुसत्या फ्लशवर बघितलं तर १९.६ हे २५ पेक्षा कमी, म्हणजे पॅक करायला हवं होतं. पण तुमच्या हातात एक्का आहे. समोर राजाची जोडी असेल तर उरलेल्या तीन एक्क्यांपैकी कोणताही आला तरी डाव तुमचाच. ९ आणि ३ मिळून १२ पानं.

फक्त ती १२ पानं नेहमी १२ राहत नाहीत. समोरच्याकडे काय काय असू शकतं ते मांडून बघा. राजा, आणि सोबत एक्का सोडून दुसरं कोणतंही जोडी न लागलेलं पान असेल तर तुमची शक्यता सुमारे २७ टक्के. एक्का-राजा असेल तर एक्का आल्याने त्याच्या दोन जोड्या होतात, तुम्हाला बदामच हवा, म्हणजे २० टक्के. राजा-अठ्ठी अशा दोन जोड्या असतील तर बदाम राजा त्यालाच फुल हाउस (त्रिकूट आणि जोडी, फ्लशहून वरचं) देतो, तुमचे आठ बदाम उरतात, १८ टक्के. अठ्ठ्यांचं त्रिकूट असेल तर बदाम राजा आणि बदाम दुर्री, दोन्ही त्याच्या कामाची. तुमच्याकडे सात पानं, १६ टक्के.

समजा नऊ वेळांपैकी सहा वेळा त्याच्याकडे साधा राजा, दोन वेळा एक्का-राजा किंवा दोन जोड्या, एकदा त्रिकूट. सरासरी येते २४ टक्के. किंमत २५. म्हणजे तो कधीच थाप मारत नसेल तर तुमचा कॉल केसाच्या अंतराने तोट्याचा. पण तो सत्ती-छक्कीसारख्या अर्धवट सीक्वेन्सवरही ऑल-इन करत असेल, तर तिथे तुम्ही ८० टक्क्यांच्या वर पुढे आहात. हिशोब करून पाहा, पन्नास-पंचावन्न वेळांत एकदा जरी त्याने थाप मारली तरी कॉल बरोबरीला येतो. दहात एकदा मारत असेल तर सरासरी ३० वर जाते आणि कॉल उघड फायद्याचा ठरतो. म्हणून अशा वेळी स्वतःला विचारायचा प्रश्न 'फ्लश लागेल का?' हा नाही, 'हा माणूस एका जोडीवर उरलंसुरलं सगळं टाकतो का?' हा आहे. दोन जोड्यांखाली कधीच हात न घालणारा, जपून खेळणारा असेल तर तुमची शक्यता १८ च्या आसपास. तिथे तोच कॉल शुद्ध चूक.

त्याने राजा-गुलाम दाखवला, म्हणजे त्या डावात तुमची खरी शक्यता ४४ पैकी १२, २७.३ टक्के. असा कॉल सरासरी १६० च्या वर चिप्स कमावतो. तरीही चारातून जवळजवळ तीनदा तुम्ही हरणारच, आणि प्रत्येक वेळी टेबलावर कोणीतरी 'काय बे' म्हणणारच. ७,००० मागे शिल्लक होते, हेही महत्त्वाचं. हाच कॉल तुमच्या शेवटच्या १,८०० वर, बक्षिसाच्या उंबरठ्यावर असता तर उत्तर वेगळं आलं असतं. ते पुढे येतंच.

प्रश्न : वर्षभर आम्ही दर रविवारी खेळतो. एक्क्यांची जोडी घेऊन फ्लॉपच्या आधीच सात वेळा ऑल-इन झालो, समोर दर वेळी छोटी जोडी. तीन वेळा हरलो! पत्ते नीट पिसले जात नाहीत असा माझा संशय आहे. (वाचक, अशोक चौक)

उत्तर : एक्क्यांची जोडी छोट्या जोडीसमोर पाचपैकी चार वेळा जिंकते. अचूक सांगायचं तर ८०-८२ टक्के. हरण्याची शक्यता १९ टक्के धरली तर सातपैकी एकदाही न हरण्याची शक्यता सुमारे २३ टक्के, एकदा हरण्याची ३८, दोनदा हरण्याची २६. तीन किंवा जास्त वेळा हरण्याची उरते १३ टक्के. म्हणजे साधारण आठ माणसांत एक. तुमच्या टेबलावर नऊ जण बसतात, त्यांतल्या एकाच्या वाट्याला हे येण्यात नवल नाही. बाकी आठ जण पत्र लिहीत नाहीत, एवढंच.

पिसण्याबद्दल मात्र तुमचा मुद्दा पूर्ण सोडून देऊ नका. पत्ते कच्चे पिसले तर मागच्या डावातली पानं एकमेकांना चिकटून येतात. फ्लॉपची तीन पानं गोळा करताना एकत्रच उचललेली असतात. पण अशा गठ्ठ्यांना एक्के कोणाचे हे कळत नाही. त्याचा फायदा-तोटा सगळ्यांना सारखाच, जोवर कोणी गठ्ठ्याचा तळ बघत नाही. म्हणून कच्च्या पिसण्याने तुम्हीच हरलात असं म्हणता येणार नाही, तरी पिसणं सुधारलंच पाहिजे.

हातातल्या हातात पानं सरकवत पिसायची आपली घरगुती पद्धत सगळ्यात कमकुवत. गठ्ठ्याचे दोन भाग करून कोपरे एकमेकांत गुंफत पिसायचं. बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं की ५२ पानं पुरेशी मिसळायला असं सात वेळा पिसावं लागतं. दर डावाला सात वेळा कोणी पिसत नाही, तेव्हा हे करा: आधी सगळी पानं टेबलावर उलटी पसरून दोन्ही हातांनी गोल गोल ढवळा, मग दोन वेळा गुंफून पिसा, एकदा वरून थोडी थोडी पानं उचलून खाली टाका, पुन्हा एकदा गुंफा, आणि शेजाऱ्याकडून काट घ्या. काट झाल्यावर तळाला एक कोरं कार्ड ठेवा म्हणजे शेवटचं पान दिसत नाही. दोन रंगांचे दोन कॅट ठेवले तर एक डाव चालू असताना दुसरा पिसून होतो. आणि सोलापूरचा एप्रिल-मे आणि कागदी पत्ते यांचं जमत नाही. घामाने पानं चिकटतात, कोपरे दुमडतात, दोन बैठकीत एक्का पाठीवरून ओळखू येतो. प्लॅस्टिकचे पत्ते घ्या, ओल्या फडक्याने पुसता येतात.

आता पत्रात न लिहिलेली गोष्ट. घरगुती टेबलावर एक्के हरतात त्याचं मोठं कारण एकाला चार जण सोबत येणं हे असतं. कोणत्याही दोन पत्त्यांच्या एका माणसासमोर एक्के ८५ टक्के जिंकतात. दोघांसमोर ७३, तिघांसमोर ६४, चौघांसमोर ५६, पाच जणांसमोर पन्नासच्याही खाली. ब्लाइंड १०० चा असताना २०० चं रेझ केलं तर अख्खं टेबल 'बघू तरी' म्हणून आत येतं. तिथे ३५०-४०० करा. तरी तिघे येत असतील तर ५०० करा. चार जणांना स्वस्तात आत घेऊन हरलात तर ती चूक थोडी तुमच्या रेझची आहे.

प्रश्न : ब्लाइंड ५००-१,०००, अँटी (दर डावाला प्रत्येकाने टाकायच्या चिप्स) नाही. बटनवरच्याने (पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवरच्याने) ६,००० चं ऑल-इन केलं, स्मॉल ब्लाइंड पॅक. मी बिग ब्लाइंडवर राजा-अठ्ठी, रंग वेगवेगळे, माझ्याकडे १४,०००. बक्षिसं तिघांना, अजून आठ जण बाकी. मी पॅक केलं. त्याने एक्का-राजा दाखवला. सगळ्यांनी पाठ थोपटली. तरी मनात शंका आहे. (वाचक, होटगी रोड)

उत्तर : शंका रास्त आहे. पाठ थोपटली ती निकालाची, निर्णय वाईट होता.

तुमचे १,००० आधीच पॉटमध्ये आहेत. आणखी ५,००० द्यायचे, समोर ७,५००. ५,००० भागिले १२,५००, बरोबर ४० टक्के. सहा ब्लाइंडवर (सहा बिग ब्लाइंडएवढ्या चिप्सवर) आलेला बटनवरचा खेळाडू कशावर ऑल-इन करतो? जाणता खेळाडू असेल तर जवळजवळ निम्म्या पत्त्यांवर: सगळे एक्के, सगळ्या जोड्या, बरेचसे राजे, राणी-नव्वी, गुलाम-दश्शी असलं सगळं. तुमची दोन पानं सोडून उरलेल्या ५० पानांच्या १,२२५ जोड्या होतात. त्यांतल्या ४५ टक्के धरल्या तर साडेपाचशे. एक राजा तुमच्याकडे असताना एक्का-राजाच्या जोड्या किती? बारा. साडेपाचशेतल्या बारा तुम्हाला दिसल्या आणि त्यावरून निवाडा झाला.

एक्का-राजासमोर राजा-अठ्ठीची शक्यता २६-२७ टक्के, हे खरं. पण छोट्या एक्क्यासमोर ती ४० च्या वर असते, छोट्या जोडीसमोर जवळजवळ निम्मी, राणी-गुलामाच्या पत्त्यांसमोर साठीच्या घरात. सगळं मिळून साधारण ४५ टक्के. किंमत ४०. म्हणजे त्या पॅकने सरासरी सहाशेएक चिप्स घालवल्या. मोठं नुकसान नाही, पण ते दर फेरीला होतं आणि दिसत नाही. चुकीचा कॉल आरडाओरडा करतो, चुकीचा पॅक गुपचूप पडून राहतो.

समोरचा फक्त जबर पत्त्यांवरच हात घालणारा असेल, सहा ब्लाइंडवर येऊनही एक्का-दश्शीची वाट बघत बसणारा, तर तुमचा पॅक बरोबर. तसं असेल तर त्या माणसाबद्दल पत्रात एक ओळ हवी होती.

प्रश्न : आमच्या मंडळात वार्षिक गुणतक्ता असतो. रोजच्या टूर्नामेंटमध्ये पहिल्याला ५० गुण, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०, बाकीच्यांना काही नाही. चौघे उरलो, प्रत्येकाकडे २,५००. ब्लाइंड १००-२००. पहिल्याने ऑल-इन केलं. मी बटनवर एक्का-राजा, कॉल केला. त्याच्याकडे सत्तीची जोडी. हरलो, चौथा आलो. एक्का-राजावर कॉल करायचा नाही तर कशावर करायचा? आणि हे नाणेफेक हरल्यासारखंच झालं ना, ५५-४५ चं? (वाचक, शेळगी)

उत्तर : ५५-४५ हा आकडा बरोबर. पण जागा बघा. तीन बक्षिसं आणि चार माणसं, यालाच बबल म्हणतात. इथे चिप्सचा भाव बदलतो.

चौघांकडे सारख्या चिप्स आणि वाटायचे १०० गुण. म्हणजे कॉल करण्याआधी तुमच्या स्टॅकची (जवळच्या सगळ्या चिप्सची) किंमत २५ गुण. कॉल करून जिंकलात की तुमच्याकडे ५,०००, बाकी दोघांकडे २,५००-२,५००. चिप्स दुप्पट झाल्या, गुण दुप्पट झाले का? मोजू या. पहिले येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात, म्हणजे निम्मी. दुसरे येण्याची? दोघांपैकी एक पहिला आला, प्रत्येकाची शक्यता पाव, तर उरलेल्या ७,५०० मध्ये तुमचे ५,०००, म्हणजे दोन तृतीयांश. दोन्ही मिळून एक तृतीयांश. तिसरे येण्याची उरते एक षष्ठांश. ५० चा अर्धा २५, ३० चा तिसरा हिस्सा १०, २० चा सहावा हिस्सा ३.३. एकूण ३८.३ गुण.

हरलात तर २५ जातात, जिंकलात तर १३.३ च वाढतात. म्हणजे कॉल फायद्यात यायला २५ भागिले ३८.३, ६५ टक्के जिंकावं लागतं. पॉटमधले ब्लाइंडचे ३०० धरले तर एखादा टक्का कमी, ६४. चिप्सच्या नुसत्या हिशोबात पन्नासच्या खाली भागलं असतं.

चौघांच्या टेबलावर बारा-साडेबारा ब्लाइंड घेऊन पहिल्या जागेवरून ऑल-इन करणाऱ्याच्या पत्त्यांसमोर एक्का-राजा साठीच्या आसपास राहतो. ६४ ला पोचत नाही. म्हणून तुमचा कॉल चूक होता, आणि समोर सत्तीची जोडी निघाली नसती, एक्का-दश्शी निघाली असती, तुम्ही जिंकला असता, तरी चूकच होता. राण्यांची जोडी त्याच पत्त्यांसमोर सत्तरच्या वर जाते, तिथे बिनधास्त कॉल. त्याच जागेवरून आधी स्वतः ऑल-इन करणं मात्र वेगळं. मग समोरच्याला ६४ टक्क्यांचा पत्ता लागतो, बहुतेक वेळा तो पॅक करतो आणि ब्लाइंड तुमचे. बबलवर टाकणारा व्हा, उचलणारा होऊ नका.

वर वापरलेल्या पद्धतीला आयसीएम म्हणतात. तिचं मूळ सूत्र डेव्हिड हार्व्हिल यांच्या १९७३ च्या घोड्यांच्या शर्यतीवरच्या लेखातलं आहे: पहिला कोण हे ठरलं की उरलेल्यांत दुसरा कोण, असं पायरीपायरीने. त्रुटी तिलाही आहेत. पुढचा ब्लाइंड कोणावर येतोय हे ती बघत नाही, कोण चांगलं खेळतो तेही नाही. एखाद्याकडे ३०० च चिप्स उरल्या असतील, तर तो बाद होईपर्यंत थांबण्याची किंमत आणखी वाढते आणि तुमचा आकडा ६४ च्याही वर जातो.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्टीत टूर्नामेंट ठेवली. नऊ जण, प्रत्येकाला २,००० चिप्स, शेवटच्या तिघांना सारखीच बक्षिसं, एकेक सोलापुरी चादर. चौघे उरले: माझ्याकडे ६,०००, दुसऱ्याकडे ६,०००, तिसऱ्याकडे ५,५००, चौथ्याकडे ५००. ब्लाइंड २००-४००. चौथ्याने पॅक केलं, बटनवरच्या ६,००० वाल्याने ऑल-इन केलं, मी बिग ब्लाइंडवर एक्क्यांची जोडी घेऊन पॅक केलं. लोक अजून हसतात. (वाचक, बाळे)

उत्तर : हसू द्या. पॅक शंभर टक्के बरोबर.

कॉल केला असता तर कोणत्याही दोन पत्त्यांसमोर ८५ टक्के जिंकला असता आणि चादर मिळाली असती. १५ टक्के हरला असता आणि रिकाम्या हाताने गेला असता. पॅक केल्यावर तुमच्याकडे ५,६०० उरतात. पुढच्याच डावात बिग ब्लाइंड चौथ्यावर येतो: ५०० मधले ४०० सक्तीने गेले, हातात १००. तो लागोपाठ दोन-तीन वेळा जिंकून वर यावा आणि त्याच वेळात तुमच्यासारखा भरलेला स्टॅक कोलमडावा, असं घडण्याची शक्यता शेकड्यात दोन-तीनच. म्हणजे पॅकवर चादर ९७ टक्के, कॉलवर ८५. बक्षिसं सारखी असली की पहिला आणि तिसरा यांत फरक नाही, जास्तीच्या चिप्सना काहीच किंमत नाही. पहिल्याला दोन चादरी आणि बाकीच्यांना एकेक असती, तर हा हिशोब पुन्हा मांडावा लागला असता.

खरी चूक कोणी केली असेल तर ६,००० वाल्याने. तुम्ही कॉल केला असता तर त्याची जवळजवळ हातात आलेली चादर बहुधा गेली असती.

प्रश्न : चादरीऐवजी थोडे पैसे लावले तर चालतील का? मोबाईलवर खेळलं तर? (वाचक, मोहोळ)

उत्तर : नको. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे, आणि पैसे लावून जुगाराचा अड्डा चालवणं आणि तिथे खेळताना सापडणं, दोन्हीसाठी त्यात शिक्षा आहे (कलम ४ आणि ५). कौशल्याचा खेळ आहे हा युक्तिवाद करायची जागा कोर्ट आहे, तुमचा हॉल नाही. ऑनलाइनचं तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मिटवलंच आहे. २२ ऑगस्ट २०२५ ला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा, पैसे लावून चालणारे ऑनलाइन खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड त्यात आहे. गुणतक्ता आणि चादर ठेवा, डावातलं शिकण्यासारखं सगळं त्यात आहेच.

प्रश्न : राजांची जोडी होती, समोर एक्क्यांची निघाली. ओळखून पॅक करता आलं असतं का? (वाचक, पंढरपूर)

उत्तर : नाही. तुमच्याकडे राजे असताना एका ठरावीक माणसाकडे एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता १,२२५ मध्ये ६, अर्ध्या टक्क्याहून कमी. नऊ जणांच्या टेबलावर आठही जण धरले तरी चार टक्के, म्हणजे पंचवीस वेळा राजे आले की एकदा. याला बॅड बीट म्हणत नाहीत, कूलर म्हणतात: दोघांचे पत्ते जबर, चिप्स जाणारच. बॅड बीट म्हणजे चिप्स टाकताना पुढे असूनही मागच्याने गाठणं. तुम्ही पुढे नव्हताच.

प्रश्न : माझा भाऊ एक वाईट डाव हरला की पुढच्याच डावात डोळे मिटून ऑल-इन करतो. घरात बोलूनही उपयोग होत नाही. काय सांगू त्याला? (वाचक भगिनी, बार्शी)

उत्तर : ताई, त्याला चिप्स मोजायला सांगा, नुसत्या ढिगाकडे बघून नाही. स्टॅक भागिले बिग ब्लाइंड. १२,००० वरून ५,००० वर आलेल्या माणसाला सगळं गेलं असं वाटतं, पण ब्लाइंड २०० चा असेल तर ते २५ ब्लाइंड आहेत आणि रेझ करून फ्लॉप बघत नेहमीसारखं खेळता येतं. दहा-बाराच्या खाली आलं की मगच 'ऑल-इन नाहीतर पॅक' असा खेळ सुरू होतो, तोही नेमक्या पत्त्यांवर. हरल्यावर पुढचे दोन डाव, पत्ते कसेही असोत, बटनवर नसेल तर आत यायचं नाही, एवढा एक करार त्याच्याकडून करून घ्या. दोन डाव पॅक करण्याची किंमत फार तर दीड ब्लाइंड. डोळे मिटून टाकलेल्या ऑल-इनची किंमत अख्खी संध्याकाळ.

प्रश्न : आपण खरोखर दुर्दैवी आहोत की वाईट खेळतोय, हे लिहून ठेवून कळेल का? वही कशी मांडावी? (वाचक, विजापूर रोड)

उत्तर : कळेल, वही नीट मांडली तर. बहुतेकांच्या वहीत फक्त हरलेले डाव असतात, तेही दोन दिवसांनी आठवून लिहिलेले.

डाव संपल्या संपल्या, पुढचे पत्ते वाटले जात असताना, या क्रमाने लिहा: ब्लाइंड आणि अँटी, किती माणसं उरली आणि बक्षिसं किती, तुमचा आणि समोरच्याचा स्टॅक, कोण कुठल्या जागेवर, पॉट, कॉलची रक्कम. मग कॉलची किंमत टक्क्यांत. त्यानंतर समोरच्याकडे काय काय असेल याचा तुमचा त्या वेळचा अंदाज, शब्दांत: 'सगळे एक्के, छक्कीपासून वरच्या जोड्या'. समोरच्याने दाखवलेले पत्ते सगळ्यात शेवटी, पानाच्या दुमडलेल्या कोपऱ्याआड.

टक्क्यांचे रकाने दोन ठेवा, एक नाही. पहिल्यात तुमच्या अंदाजातल्या सगळ्या पत्त्यांसमोरची शक्यता. ती कॉलच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर निर्णय बरोबर. दुसऱ्यात प्रत्यक्ष दिसलेल्या पत्त्यांसमोरची शक्यता, ऑल-इन झाला त्या क्षणीची. ती फक्त नशीब मोजायला. मोबाईलवर कोणताही इक्विटी कॅल्क्युलेटर (जिंकण्याची शक्यता काढणारं ॲप) दोन्ही आकडे देतो, पण टेबलावरून उठल्यावर काढा. हे दोन रकाने एकात मिसळले की एक्का-राजा दिसला म्हणून चांगला कॉल वाईट ठरतो.

नशिबाचा रकाना असा वाचा. समजा पाच ऑल-इन: एक्के विरुद्ध राजे, ८२, जिंकलात. राण्या विरुद्ध एक्का-राजा, ५७, हरलात. एक्का-राजा विरुद्ध राण्या, ४३, हरलात. एक्का-राजा विरुद्ध एक्का-राणी, ७४, हरलात. टर्नला फ्लशची आशा, २०, जिंकलात. बेरीज २७६, म्हणजे पाचात २.७६ डाव जिंकायला हवे होते, जिंकलात २. तूट पाऊण डावाची. हे दुर्दैव नाही, ही रोजची हालचाल आहे. अगदी ५०-५० चे वीस ऑल-इन झाले, तरी त्यांतले सहा किंवा कमीच जिंकण्याची वेळ सतरा वेळांत एकदा येते, आणि वीस ऑल-इन जमायला तुम्हाला दोन-तीन महिने लागतील. शंभर नोंदी झाल्याशिवाय नशिबाच्या रकान्यावर काही बोलू नका.

निर्णयाचा रकाना मात्र दहा नोंदींतच बोलायला लागतो. किंमत ४० आणि अंदाज ३० असे चार कॉल एका महिन्यात सापडले तर ते जिंकले की हरले हे बघायची गरज नाही. ते चारही कॉल कोणत्या जागेवरून, किती ब्लाइंडवर आणि रात्री किती वाजता झाले ते बघा. बिग ब्लाइंडवर 'माझे आधीच आत आहेत' म्हणून झाले असतील तर बिग ब्लाइंडचे नियम कडक करा. साडेअकरानंतर झाले असतील तर टूर्नामेंट लवकर सुरू करा आणि ब्लाइंड पंधराऐवजी बारा मिनिटांनी वाढवा.